दीवा की दिवा? आणि प्रिमा दोन्नाचा नखऱ्याशी काय संबंध?

प्रश्न असा आहे : ऑपेरावरच्या एका मराठी लेखात एकाच गायिकेला कधी ‘डिव्हा’ तर कधी ‘प्रिमाडोना’ म्हटले आहे. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? मराठीत ते कसे लिहावेत? आणि ऑफिसात कुणी फार नखरे करू लागले की त्याला प्रिमाडोना का म्हणतात?

अर्थ एक नाही. ‘प्रिमा दोन्ना’ हे पदाचे नाव, तर ‘दीवा’ ही रसिकांनी दिलेली पदवी.

‘प्रिमा दोन्ना’ म्हणजे पहिली स्त्री. यातला ‘दोन्ना’ लॅटिन ‘दोमिना’वरून, म्हणजे घरची मालकीण यावरून आला. ‘दोमुस’ म्हणजे घर. आपल्या ‘दम्पती’तला ‘दम’ त्याच कुळातला, कारण वेदात ‘दम’ म्हणजे घर. इटलीतल्या ऑपेरा मंडळीत पहिल्या स्त्री-भूमिकेची गायिका ती प्रिमा दोन्ना, तिच्या खालची सेकोन्दा दोन्ना. कुणाच्या वाट्याला किती आरिया, म्हणजे एकटीने गायची पदे, यायची, त्या कुठल्या प्रवेशात यायच्या, हे या श्रेणीवर ठरे. या मानपानाच्या रीतीला ‘कोन्व्हेनिएन्त्से’ असा शब्दच होता आणि संगीतकार दोनित्सेत्तीने १८२७ साली त्यावर एक प्रहसन रचले. त्यातल्या गायिकेच्या कजाग आईची भूमिका चक्क जाड्या आवाजाचा पुरुष गातो.

हे पद व्हेनिसमध्ये मोठे झाले. १६३७ साली तिथे तिकीट काढून जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले आणि मग प्रेक्षक खेचणारा आवाज हवाच झाला. आन्ना रेन्त्सी या रोमच्या गायिकेने १६४३ मध्ये संगीतकार मॉन्तेव्हेर्दीच्या ऑपेरात सम्राज्ञी ओत्ताव्हियाची भूमिका गायली आणि पुढच्याच वर्षी तिच्या स्तुतीचे स्वतंत्र पुस्तक छापले गेले. बरेच अभ्यासक तिलाच पहिली प्रिमा दोन्ना मानतात. गंमत म्हणजे तिच्याच रोममध्ये पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर मज्जाव होता. तिथे स्त्री-भूमिका खच्ची केलेले पुरुष गायक करत. स्त्रीपार्टाची परंपरा असलेल्या मराठी माणसाला यातले अर्धे चटकन कळेल. उरलेले अर्धे मात्र भयंकर आहे.

आता नखऱ्यांचे. सगळा ठपका बहुधा फ्रान्चेस्का कुत्सोनी आणि फाउस्तीना बोर्दोनी यांच्यावर येतो. १७२० च्या दशकात लंडनच्या एकाच मंडळीत या दोघी प्रिमा दोन्ना होत्या. संगीतकार हँडेलने १७२६ साली सिकंदराच्या हिंदुस्थान स्वारीवर ‘आलेस्सान्द्रो’ हा ऑपेरा रचला तो दोघींना तोलूनमापून पदे देऊनच. ६ जून १७२७ रोजी बोनोन्चिनीच्या ‘आस्तियानात्ते’ या ऑपेराच्या प्रयोगात दंगा झाला आणि तेव्हापासून दोघी रंगमंचावर झिंज्या उपटत भांडल्या ही कथा चालत आली आहे. प्रत्यक्षात शिट्ट्या आणि हुर्यो प्रेक्षकांतल्या दोन गटांची होती, तीही वेल्सच्या युवराज्ञीसमोर. झिंज्या उपटल्या त्या नंतर निघालेल्या टवाळ पत्रकांत. भांडले चाहते, नाव झाले बायांचे.

तरी नखरे होतेच, नाही असे नाही. एकोणिसाव्या शतकातली गाजलेली गायिका आदेलिना पात्ती हिच्या करारात तिला तालमींपासून सूट असे. अमेरिकेत ती एका रात्रीचे ५,००० डॉलर खेळ सुरू होण्याआधी रोख घेई. ऑपेरा मंडळीचा चालक मेपलसन आठवणींत लिहितो की एकदा रक्कम थोडी कमी पडली, तेव्हा बाई वेशभूषा करून तयार, पण पायांत बूट नाहीत. आणखी काही पैसे आल्यावर एक बूट चढला आणि उरलेले पोचल्यावर दुसरा. याला नखरा म्हणावे की चोख व्यवहार? मी तरी दुसरेच म्हणेन. बुडणाऱ्या मंडळ्या तिने कमी पाहिल्या नसतील. ‘प्रिमाडोना’ला आज चिकटलेला कुत्सित अर्थ अशाच गोष्टींतून आला आणि आता तो पुरुषांनाही, विशेषतः फुटबॉलपटूंना, सर्रास लावतात.

‘दीवा’ची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये तिचा अर्थ देवी, आणि आपल्या ‘देवी’ची ती सख्खी चुलत बहीण. संगीतकार बेल्लिनीच्या ‘नोर्मा’ या ऑपेरातले ‘कास्ता दीवा’ हे प्रसिद्ध पद गायिकेबद्दल नाही, चंद्रदेवतेची प्रार्थना आहे. २६ डिसेंबर १८३१ ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ज्युदित्ता पास्ताने ते प्रथम गायले. बेल्लिनीने मुळात ते वरच्या पट्टीत लिहिले होते, पास्तासाठी खाली उतरवले आणि आजही बहुतेकजणी खालच्याच पट्टीत गातात. गायिकांनाच ‘दीवा’ म्हणण्याची पद्धत त्याच शतकात रुळली. आपल्याकडे केसरबाई केरकरांच्या नावाआधी ‘सुरश्री’ लागते किंवा नारायण राजहंस ‘बालगंधर्व’ होतात, तसा हा प्रकार. म्हणून एखादी प्रिमा दोन्ना असूनही दीवा नसू शकते. विसाव्या शतकातली गायिका मारिया कालास मात्र दोन्ही होती.

लेखनाचे म्हणाल, तर ‘ड’ इंग्रजी वळणाचा. इटालियन ‘द’ आपल्यासारखाच दंत्य आहे, त्यामुळे ‘दोन्ना’ आणि ‘दीवा’ बरे. खरे तर मराठीच्या नियमाने आकारान्त शब्दातला उपान्त्य इकार ऱ्हस्व हवा, म्हणून ‘प्रिमा’ मी ऱ्हस्वच लिहितो. त्याच न्यायाने ‘दिवा’ लिहायला हवे, पण मग ‘ला स्कालात नवा दिवा’ असा मथळा वाचून लोक विजेच्या बिलाचा विचार करतील. तेवढ्यासाठी अपवाद करून दीर्घ ‘दी’ घ्यावा. अनेकवचन इटालियनात ‘प्रिमे दोन्ने’ आणि ‘दीवे’ होते, पण मराठीत ते आणू नये. ‘दोघी दीवा’, ‘तीन प्रिमा दोन्ना’ एवढे पुरते.