नाशिकमध्ये १५ दिव्यांग मुलांचं डे-केअर सुरू करतोय. पालकांकडून स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेतलं, तरी विमा काढावा लागतो का? खर्च किती येतो?

हमीपत्र असलं तरी काढाच. 'हमीपत्र' हा शब्द वाचला आणि गॅस बंद करून लिहायला बसले, कारण याच कागदावरून आमच्या घरात सहा वर्षं भांडण चालू आहे.

इंदिरानगरला आमची अठरा वर्षांपुढच्या मुलांची कार्यशाळा आहे. पणत्या, राख्या, कागदी पिशव्या. माझे दीर ट्रस्टी. हिशेबाला चोख, एरवी देवमाणूस. त्यांनी पहिल्याच वर्षी सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेरून शंभराचे स्टॅम्प आणले (आता पाचशेचा लागतो) आणि प्रत्येक पालकाकडून लिहून घेतलं, 'पाल्यास इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' अशी पंचवीस हमीपत्रं पत्र्याच्या पेटीत कुलपात. मी पब्लिक लायबिलिटीचं (आपल्याकडे कुणाला इजा झाली तर संस्थेवर येणाऱ्या भरपाईच्या विम्याचं) कोटेशन आणलं तर म्हणाले, "वहिनी, पेटी आहे ना."

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. रंगाचं पाणी सांडलं होतं. दोनपैकी एक मावशी रजेवर, दुसरी पोचा आणायला आत गेलेली. आमचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा, त्याला बंडू म्हणू, रंगवलेली पणती मला दाखवायला धावत आला आणि घसरला. पणती फुटू नये म्हणून त्याने हात टेकलाच नाही. पणती शाबूत राहिली, कोपर मोडलं. प्लेट घालावी लागली. बिल ८२,००० रुपये.

विमा नव्हता असं नाही. भावजींच्या ओळखीच्या एजंटाने स्वस्तातली ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट गळ्यात मारली होती. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व, एवढंच तिच्यात. दवाखान्याच्या खर्चाचं कलम घेतलेलंच नव्हतं. वर तो एजंट विचारतो, "फिट येऊन तर पडला नाही ना? मग तसंही अवघड आहे." बंडूचं निरामय कार्ड घरच्यांनी रिन्यू केलं नव्हतं. (राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च देते, पण ती मुलाची, तुमची नव्हे. तरी प्रवेश देतानाच कार्डाची तारीख बघून घ्या.)

बंडूचे वडील नोट प्रेसमधून रिटायर झालेले, शांत माणूस. हमीपत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, यात लिहिलंय संस्था जबाबदार नाही. मग कोण? फरशी?"

शिवणयंत्रांसाठी साठवलेले पैसे काढून बिल भरलं. केस झाली नाही. तेव्हापासून भावजींचं पालुपद, "हमीपत्र होतं म्हणून कोर्टात गेले नाहीत." साफ खोटं. गेले नाहीत, कारण सोमवारी त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती. सव्वादहाला त्याची आई प्लास्टरमधल्या मुलाला घेऊन दारात उभी होती.

वकिलाने तर आम्हाला तोंडावर सांगितलं, ओली फरशी आणि एक मावशी कमी, हा निष्काळजीपणा झाला. त्यापुढे असला कागद टिकणं कठीण. शिवाय मूल अठराचं झालं की आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कलेक्टर अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. आमच्या पंचवीसांपैकी चौघांनीच ते घेतलेलं. म्हणजे पेटीतले एकवीस स्टॅम्प कुणाच्या वतीने सही केलेले, ते भावजींनीच सांगावं.

आता तुमचं. आधी पब्लिक लायबिलिटी. 'नॉन-इंडस्ट्रियल' असं स्पष्ट मागा. १९९१ च्या कायद्याची ती घातक रसायनवाल्या कारखान्यांसाठी, नाव सारखं म्हणून तीच पुढे करतील. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा वेगळी असते. थेरपिस्ट ठेवणार असाल तर प्रोफेशनल इंडेम्निटीही, म्हणजे त्यांच्या कामातल्या चुकीवरून येणाऱ्या दाव्यांचा विमा. या दोन्ही बहुतेक 'क्लेम्स मेड' असतात, म्हणजे दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू हवी. एक वर्ष खंड पडला की मागच्या वर्षांचं संरक्षणही गेलं. अत्याचाराच्या तक्रारी वगळल्यात का, ते बारीक अक्षरांत वाचा. लाज वाटली तरी विचारा.

मावश्यांना विसरू नका. तुमच्याच नव्वद किलोच्या मुलाला उचलताना खांदा त्यांचाच निखळतो. त्यांच्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची पॉलिसी, दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा. सामानासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी पुरते, पूरही त्यात येतो. गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, जागा बघत असाल तर पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर एजंट शोधू नका. आणि खासगी पासिंगच्या गाडीतून पैसे घेऊन मुलं आणू नका, क्लेम तिथेच अडकतो.

रजिस्ट्रेशन झालंय असं गृहीत धरते. ट्रस्टचं नव्हे, २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं. नसेल तर विम्याआधी ते.

खर्चाचं विचारलंत. माणसं, जागा, मर्यादा यावर आहे, दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं घ्या.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. लायबिलिटी पॉलिसीत अट असते, कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. त्या शुक्रवारी दवाखान्यात मी बंडूच्या आईला सांगितलं होतं, "आमचं चुकलं." पॉलिसी असती तरी हेच म्हणाले असते. तुम्ही माझं ऐकू नका, आधी कंपनीला फोन करा.

आता तीन वर्षं पॉलिसी आहे, दावा एकही नाही. रिन्युअलच्या चेकवर भावजींचीही सही लागते. पेन हातात धरून दरवर्षी विचारतात, "वहिनी, यंदा कुठे काय झालं?"