अल्बम कराच, पण बहिणीच्या लग्नाच्या एफडीला हात लावू नका

प्रश्न: आम्ही बेळगावचे चौघे स्वतःची गाणी वाजवतो; एक कन्नड, बाकी सगळी मराठी. शिवाय तुकोबांचा एक अभंग, एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतल्या चालीवर. गणेशोत्सव, कॉलेजं, लग्नं असे कार्यक्रम मिळतात. आता पुण्याच्या स्टुडिओत आठ गाण्यांचा पहिला अल्बम करून स्वतःच प्रसिद्ध करायचा आहे. स्टुडिओ 1,60,000, मिक्सिंग-मास्टरिंग (रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून गाणं पक्कं करणं) 80,000, व्हिडिओ 70,000, पाचशे सीडी 30,000, जाणं-येणं-राहणं 20,000. एकूण 3,60,000 रुपये. बँडच्या खात्यात 85,000 आहेत. माझ्या 2 लाखांच्या एफडीतले 1,25,000 घालीन (ती बहिणीच्या येत्या मे महिन्यातल्या लग्नासाठी आहे) आणि 1,50,000 चं वैयक्तिक कर्ज माझ्या नावावर काढीन, 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशिनवर कामाला आहे, हातात 26,000 येतात. हे पैसे वसूल होतील का?

उत्तर: नुसत्या ऑनलाइन ऐकण्यातून होणार नाहीत, असंच धरून चला. तरीही अल्बम करू नका असं मी म्हणणार नाही. चौघांनी मिळालेली बिदागी वाटून न घेता 85,000 साठवले, ही सोपी गोष्ट नाही. असा बँड रेकॉर्डिंगला पोहोचलाच पाहिजे. माझा आक्षेप फक्त पैसे कुठून येणार यावर आहे.

आधी वसुलीचं बघू. ऑनलाइन गाण्याला दर ऐकण्यामागे ठरलेला भाव नसतो. स्पॉटिफायवर जमलेल्या पैशांतला वाटा एकूण ऐकण्यातल्या तुमच्या हिश्शाप्रमाणे निघतो. तरी हिशोबासाठी एका ऐकण्याला 10 पैसे धरा: 3,60,000 उभे करायला 36 लाख वेळा गाणी ऐकली जायला हवीत. शिवाय 2024 पासून तिथे असा नियम आहे की, मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. तुमची कमाई व्हायची ती कार्यक्रमांतून. चांगलं रेकॉर्डिंग हाताशी असलं की कोल्हापूर, गोवा, हुबळी-धारवाडचे आयोजक ते ऐकून बोलावतात आणि बिदागीही जरा ताठपणे मागता येते. म्हणून अल्बमकडे धंद्याच्या जाहिरातीचा खर्च म्हणून पाहा, आणि तो धंद्याच्याच पैशांतून करा.

आता कर्ज. दीड लाखाचा हप्ता महिना साधारण 5,127 रुपये बसतो, म्हणजे पगाराचा जवळजवळ पाचवा भाग. तीन वर्षांत साडेचौतीस हजारांच्या आसपास नुसतं व्याज जाईल. पावसाळ्यात गणपती येईपर्यंत कार्यक्रम नसतात, हप्ता मात्र आषाढातही चुकत नाही. आणि एफडी? त्या पैशांना तारीख ठरलेली आहे. हॉलचा अॅडव्हान्स, सोनं, जेवणावळ यातलं काहीही अल्बम चालेपर्यंत थांबणार नाही. एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घेतलं तर व्याज कमी पडेल, पण मे महिन्यात अडचण तीच येईल.

त्याहून मोठी गोष्ट अशी की 3,60,000 पैकी 2,75,000 तुम्ही एकटे घालताय. अल्बम चौघांचा आणि देणं एकाचं! उद्या ड्रमरला गोव्यात हॉटेलात कायमचं काम मिळालं आणि तो गेला, तर हप्ता कोण भरणार, आणि रेकॉर्डिंग कुणाचं? हे मैत्रीवर सोडू नका. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क कायद्याने वेगवेगळे असतात. रेकॉर्डिंगचा पहिला मालक म्हणजे ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता. तुमच्या बाबतीत तो कोण, हे स्टुडिओत पाय ठेवण्याआधी स्टँप पेपरवर लिहा: कुणी किती पैसे घातले, कमाईतून आधी ते परत करायचे की नाही, उरलेलं कसं वाटायचं, सोडून जाणाऱ्याला काय मिळेल. गीतकार आणि संगीतकार म्हणून ज्यांची नावं लागतील त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घेऊन गाणी नोंदवावीत. स्टुडिओचे पैसे चुकते करताना प्रत्येक वाद्याच्या सुट्या फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्या.

तुमच्या यादीत एक अभंगही आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. पण तुम्ही वाजवता ती चाल एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. संगीतकार जाऊन 60 वर्षं झाली नसतील तर चालीवर हक्क शाबूत असतो. परवानगी घ्या किंवा स्वतःची चाल बांधा. मला स्वतःची चालच बरी वाटते, पहिला अल्बम आहे.

मी सुचवतो ते असं. आठऐवजी आता चार गाणी करा, आणि ते कन्नड गाणं त्यात हवंच. ते धारवाडपर्यंतचे श्रोते आणेल. स्टुडिओ आणि मिक्सिंग अर्ध्यावर आलं की 1,20,000, प्रवासाचे 10,000. 85,000 आहेतच, चौघांनी सहा महिने दरमहा 2,500 टाकले की 60,000 जमतात. एकूण 1,45,000, म्हणजे 15,000 हाताशी राहतात. सीडी छापू नका, ती लावायला आता कुणाच्या घरी यंत्र उरलंय? 70,000 चा व्हिडिओही आता नको, तालमीतला एक चांगला टेक मोबाइलवर घ्या.

स्टुडिओ शिफ्टवर, म्हणजे ठरलेल्या तासांच्या हिशोबाने पैसे घेतो, त्यामुळे खरी बचत तालमीत आहे. क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) कानात घेऊन चारही गाणी न अडखळता वाजेपर्यंत पुण्याची तारीख घेऊ नका. ड्रम्सला चांगली खोली आणि माइक लागतात, ते पुण्यात करा. गिटार आणि बास बेळगावातच करता येईल. इंजिनिअरला कशा फाइल हव्यात ते आधी विचारा.

गाणी ऑनलाइन चढवणारे वितरक दोन तऱ्हेचे. काही दरवर्षी फी घेतात आणि ती थकली तर गाणी खाली उतरू शकतात. काही एकदाच पैसे घेऊन पुढे कमाईत हिस्सा कापतात. वर्षाची फी भरायचं कुणाच्या तरी ध्यानात राहील याची खात्री नसेल तर दुसऱ्या तऱ्हेचा घ्या. पैसे बँडच्याच खात्यात जमा होऊ द्या, तुमच्या पगाराच्या खात्यात नकोत.

उरलेली चार गाणी पुढच्या गणेशोत्सवाच्या आणि लगीनसराईच्या बिदागीतून करा. तोवर बहिणीचं लग्नही पार पडलेलं असेल. त्यानंतर कर्ज लागलंच तर चौघांच्या नावावर, आणि बँडच्या वर्षभराच्या कमाईतून हप्ते निघतील एवढंच.