नववीच्या वर्गात कादंबरी नेताना

अगं, पहिल्याच तासाला पुस्तकं वाटू नकोस. आधी दहा मिनिटं तूच वाचून दाखव आणि ऐन रंगात आलं की थांब. मधल्या सुट्टीत कुणीतरी 'बाई, पुढे काय झालं?' विचारत येतंच. पुस्तक त्याच्या हातात द्यायचं.

सुरुवात प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'ने कर. ती कादंबरी नाही, लंपन नावाच्या मुलाच्या कथा आहेत, पण सुरुवातीला त्याच बऱ्या. लंपनची बोली बेळगावकडची. त्याच्या तोंडी सारख्या येणाऱ्या 'मॅड' या शब्दावर मुलं आधी खिदळतात. माझ्या वर्गात एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, 'आमची आजीपण वेगळंच बोलते,' आणि तास संपेपर्यंत फळा घरच्या शब्दांनी भरला. व्याकरण राहिलं त्या दिवशी. राहू दे.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' मात्र जरा जपून. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्याच मुकुंदाची आणि त्याच्या दोस्तांची गोष्ट. प्रेमाचं नाव निघालं की पालक दचकतात. पालकसभेतच सांगून टाक, 'तुम्हीही वाचा.' घरी त्यांनी 'यातून काय शिकलास?' विचारू नये. त्यापेक्षा जेवताना मुकुंदावरून वाद घालावा.

आणि हो, स्वाध्याय देऊ नकोस. मी एकदा दिला, तर अर्धा वर्ग गाइड शोधत हिंडला!