पॅकेट कोणत्या दारानं आलं?

रामबागेत आमची अभ्यासिका आहे. लिनक्स गेटवेवर (इंटरनेट आणि आतली मशीनं यांच्यामधल्या संगणकावर) एनएफटेबल्स ही फायरवॉल लावलीय; ती रूल, म्हणजे नियम, ताडून पॅकेट सोडते किंवा अडवते. रात्री ब्रॉडबँडची लाइन जाऊन परत आली की पीपीपी०चे, म्हणजे त्या लाइनच्या इंटरफेसचे (नेटवर्कच्या दाराचे), रूल चालेनासे होतात. यादीत तर ते दिसतात! (एक वाचक, इंदूर)

यादी पुन्हा नीट बघा. पीपीपी० या नावाच्या जागी नुसता आकडा आलाय का, ७ किंवा ९ असा? तिथंच घोळ आहे. पॅकेट कोणत्या इंटरफेसनं आलं हे ताडायला तुम्ही रूलमध्ये 'आयआयएफ' लिहिलं असणार. त्यात रूल चढवतानाच नावाचा इंडेक्स क्रमांक (कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, त्या इंटरफेसला दिलेला आकडा) काढला जातो आणि पुढं फक्त तो क्रमांक ताडला जातो. लाइन तुटली की पीपीपी० नाहीसा होतो. परत जोडल्यावर नाव तेच, पण क्रमांक नवा. तिथं 'आयआयएफनेम' लिहा, म्हणजे दर पॅकेटला नावच ताडलं जाईल.

याहून मोठा धोका मशीन सुरू होताना आहे. तेव्हा पीपीपी० उभा नसेल तर 'आयआयएफ'चा रूल चढत नाही. फाइल एकतर पूर्ण चढते, नाहीतर अजिबात नाही. त्या एका ओळीपायी मुलांची सगळी मशीनं फायरवॉलशिवाय राहतील. आजच बदला. लूपबॅकला (मशीनच्या स्वतःशीच बोलण्याच्या इंटरफेसला) मात्र 'आयआयएफ' खुशाल ठेवा, त्याचा क्रमांक कायम १ असतो.

पण नाव ताडायला जास्त वेळ लागतो ना? आमच्याकडे २० व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) आहेत. (सुदामानगर)

लागतो, पण नगण्य. कर्नलमध्ये नावाला जागाच १६ बाइटांची, त्यात शेवटचा शून्याचा, म्हणजे अक्षरं १५. ६४ बिटांच्या प्रोसेसरला हे आठ-आठ बाइटांच्या दोन तुलनांचं काम. खरा वेळ जातो तो रूलच्या रांगेत. प्रत्येक व्हीलॅनचे दहा रूल एकाच चेनमध्ये (रूलच्या साखळीत) ओळीनं लावले, तर शेवटच्या व्हीलॅनचं पॅकेट १९० रूल ओलांडून आपल्या रूलपाशी पोचतं. त्यापेक्षा प्रत्येक व्हीलॅनची वेगळी चेन करा आणि वर एकच 'व्हीमॅप' (कशासाठी काय करायचं याचा तक्ता) ठेवा: डावीकडे इंटरफेसचं नाव, उजवीकडे त्याच्या चेनला 'जंप'. एका शोधात पॅकेट योग्य चेनमध्ये. त्याच्याही आधी, पहिल्याच रूलमध्ये, 'इस्टॅब्लिश्ड' (आधीच जुळलेल्या) जोडण्यांची पॅकेटं पुढं जाऊ द्या. बहुतेक पॅकेटं तिथूनच मार्गी लागतील.

जुन्या आयपीटेबल्स फायरवॉलमध्ये, पीपीपीनं सुरू होणारी सगळी नावं धरायला, 'पीपीपी+' लिहायचो. इथं जमत नाही.

इथं अधिकच्या जागी तारा, 'पीपीपी*', आणि तोही 'आयआयएफनेम'सोबतच. नावाचीच आणखी एक गोष्ट: वायफाय ब्रिजमध्ये (अनेक इंटरफेस एकत्र जोडणाऱ्या इंटरफेसमध्ये) घातलेलं असेल तर आयपीच्या चेनला वायफायचं नाव दिसत नाही, ब्रिजचं दिसतं. रूल ब्रिजच्या नावानं लिहा.