ओकचं फ्लोअर आणि फर्निचरचे सहा हजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की न्यू जर्सीत एडिसनला १९५६ चं घर घेतलंत, जुनं कार्पेट काढल्यावर खाली ओकचं लाकडी फ्लोअर निघालं, साधारण ७०० स्क्वेअर फूट, ओरखडे आहेत, हॉलमध्ये काळे डाग आहेत. सँडिंग, म्हणजे मशीनने वरचा थर घासून काढणं, आणि वर पॉलिशचे तीन कोट मिळून काँट्रॅक्टरने ४,२०० डॉलर सांगितलेत. २० दिवसांनी राहायला जायचंय आणि स्वतः करावं, दुकानाच्या कार्डवर '१२ महिने नो इंटरेस्ट' मध्ये करावं की पुढच्या वर्षी बघावं ते ठरत नाहीये. हाताशी इमर्जन्सीचे १६,००० आणि फर्निचरसाठी काढलेले ६,००० आहेत.

माझं मत सरळ सांगतो, आत्ताच करा, काँट्रॅक्टरकडूनच करा आणि पैसे फर्निचरच्या सहा हजारातून द्या. घर रिकामं आहे हीच तुमची सगळ्यात मोठी बचत आहे हो, पुढच्या वर्षी सगळं सामान हलवा, चार-पाच दिवस दुसरीकडे राहा, लहान मूल घेऊन पॉलिशच्या वासात कुठे जाणार? सोफा सहा महिन्यांनी आला तरी काही बिघडत नाही.

इमर्जन्सी फंडाला मात्र हात लावू नका. घरात एकच पगार, तोही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि महिन्याचा खर्च ५,५०० म्हणजे १६,००० मध्ये पूर्ण तीन महिनेही निघत नाहीत.

आता ते कार्ड. अशा ऑफरमध्ये बहुतेक वेळा व्याज माफ नसतं, मागे मोजत ठेवलेलं असतं, १२ महिन्यांत शेवटचा डॉलर फिटला नाही तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं एकदम लागतं. तुम्ही महिना ३०० भरायचं म्हणताय, पण ३०० गुणिले १२ म्हणजे ३,६००, मागे ६०० राहतात, आणि रेट २९ टक्के धरला तर त्या ६०० पायी सातशेच्या वर व्याज बसेल. महिना ३५० भरलेत तरच ते फुकट, आणि नव्या घराच्या पहिल्या वर्षात हीटर, छप्पर काय काढेल सांगता येत नाही.

स्वतः करण्याचा हिशोब मी करून पाहिला, ड्रम सँडर म्हणजे फ्लोअर घासायचं मोठं मशीन आणि कडांचं मशीन दोन दिवस भाड्याने, सँडपेपर, वर लावायचं चार-पाच गॅलन पॉलियुरेथेनचं पॉलिश, सगळं हजाराच्या आत बसतं, म्हणजे तीन हजार वाचतात आणि ही रक्कम लहान नाही हे मला कळतं. पण ड्रम सँडर चालू असताना क्षणभर जरी एका जागी थांबला तरी लाकडात खड्डा पडतो, आणि ओकची पट्टी पाऊण इंच जाड असली तरी घासायला मिळतो तो, पट्ट्या एकमेकींत बसवायला कडेला जी खाच असते, तिच्या वरचा जेमतेम पाव इंच. पहिल्यांदा हात लावणाऱ्याने पूर्ण हॉलवर शिकू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय घर १९७८ च्या आधीचं आहे, जुन्या रंगात, व्हार्निशमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ मुलासाठी वाईट, म्हणून कोणीही घासायच्या आधी टेस्ट करून घ्याच.

विकताना पैसे परत येतात का हेही विचारलंत. नॅशनल असोसिएशन ऑफ रियल्टर्स या घरांच्या एजंटांच्या संघटनेच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये अशा कामाच्या ३,४०० च्या खर्चावर ५,००० परत असा अंदाज होता, पण तुम्ही दहा वर्षं राहणार, तोवर पुन्हा एकदा घासावं लागेल, तेव्हा याला गुंतवणूक धरू नका, राहण्याचा खर्च धरा.

सही करण्याआधी काँट्रॅक्टरचा न्यू जर्सीचा रजिस्ट्रेशन नंबर आणि इन्शुरन्सचा कागद मागा, ५०० डॉलरच्या वरच्या कामाला तिथे लेखी करार लागतोच, आणि सगळे पैसे आधी देऊ नका. आणखी एक, बेडरूममध्ये फ्लोअरवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, दहा मिनिटं तसेच वर उभे राहिले तर जुना कोट शाबूत आहे, तिथे पूर्ण सँडिंग न करता नुसतं हलकं घासून एक नवा कोट बहुतेक पुरतो आणि तो बराच स्वस्त पडतो. हॉल आणि बेडरूमचे रेट वेगवेगळे लिहून घ्या आणि मला कळवा.