वजने उचलताना ग्लुकोजचे पाणी हवे का?

प्रश्न: मी 36 वर्षांचा असून नागपुरात धरमपेठेत राहतो. चार महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला उपाशीपोटी जिममध्ये जातो आणि सुमारे 50 मिनिटे वजने उचलतो. दर दोन सेटनंतर ग्लुकोज पावडरीचे पाणी प्यावे, नाहीतर स्नायू झिजतात, असे आमचे ट्रेनर सांगतात. मला पोटही कमी करायचे आहे. हे पाणी खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: नाही, तुमच्या व्यायामाला ते आवश्यक नाही. स्क्वॉटचा एक सेट अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतो. त्यातल्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटपासून येते आणि पुढची मुख्यतः तिथेच साठवलेल्या ग्लायकोजेनपासून, म्हणजे ग्लुकोजच्याच साठवणीतल्या रूपापासून. निरोगी प्रौढाच्या सर्व स्नायूंत मिळून हा साठा साधारणपणे 300 ते 500 ग्रॅम असतो, आणि तासाभराच्या व्यायामात, ज्या स्नायूंना काम पडले त्यांच्यातलासुद्धा, तो निम्म्याहून कमीच खर्च होतो. रात्रभराच्या उपासाने उतरतो तो यकृतातला साठा. स्नायू आपले ग्लायकोजेन रक्ताला परत देत नाहीत, त्यामुळे काल रात्रीच्या पोळी-भाताची शिदोरी सकाळी सहालाही मांड्यांत शिल्लक असते.

ट्रेनरांचा सल्ला अगदीच निराधार नाही, फक्त तो दुसऱ्या खेळाचा आहे. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, हे तासाहून बराच अधिक वेळ सलग धावणाऱ्यांना किंवा सायकल चालवणाऱ्यांना सांगितले जाते. स्नायूंची झीज रोखण्याचे काम दिवसभरात पोटात गेलेली पुरेशी प्रथिने आणि एकूण आहार करतो. शिवाय पोट कमी करायचे असताना 40 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जवळपास दीडशे कॅलरी, बाटलीतून पिणे हा उलटाच व्यवहार झाला.

व्यायाम दीड तासावर गेला, एकाच स्नायूचे दहाहून अधिक सेट असले किंवा त्याच दिवशी पुन्हा सराव करायचा असला, तर मात्र उपाशी जाऊ नये. अर्धा तास आधी एक केळे किंवा दोन संत्री पुरतात. तर्री पोहे व्यायामानंतरच खावेत, कारण तेलकट तर्रीवर बैठका मारणे पोटाला मानवत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांनी ग्लुकोज खिशात ठेवावे आणि व्यायामाचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा घामातून जाते ते पाणी आणि मीठ. ते साध्या पाण्याने आणि घरी आल्यावर मीठ घातलेल्या ताकाने भरून निघते.

तरीही शंका उरत असेल, तर दोन आठवडे तीच वजने साध्या पाण्यावर उचला आणि शेवटच्या सेटमध्ये किती वेळा उचलली, ते वहीत लिहून ठेवा. आकडा घसरलाच, तर बाटलीकडे वळण्याआधी आदल्या रात्रीचे जेवण आणि झोप तपासा.