पांढरं दिसतंय, पण सेल्युलोज आहे का?

प्रिय,

तुझं पत्र आणि समुद्री शैवालातून काढलेल्या पांढऱ्या भुग्याचा फोटो मिळाला. तो सेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तिकेतलं तंतुमय द्रव्य, आहे असं तुला वाटतंय. तो भुगा भट्टीत जाळून पाहिलास का? समुद्री शैवालात क्षार भरपूर असतात. राख किती उरते ते कळेपर्यंत उताऱ्याचा (किती माल हाती आला त्याचा) आकडा वहीत लिहू नकोस.

मी सुरुवातीला अल्व्हा या हिरव्या शैवालावर काम करायचो. उतारा इतका चांगला आला की दोन दिवस हवेत होतो. मग सहज म्हणून आयोडीनचा थेंब टाकला आणि सगळं निळंजांभळं! अर्ध्याहून जास्त माल स्टार्च निघाला. तेव्हापासून रंगावर विश्वास ठेवत नाही. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड किरणांनी रेणू ओळखायच्या चाचणीत) १२५० सेमी⁻¹ च्या आसपास ठळक पट्टा दिसला तर सल्फेटवाल्या शर्करा अजून चिकटून आहेत असं समज. १६०० जवळ असेल तर अल्जिनेटचा (तपकिरी शैवालातल्या चिकट द्रव्याचा) संशय घे, पण नमुना ओला असेल तर तिथे पाण्याचाही पट्टा येतो.

शैवालाची खरी सोय म्हणजे लाकडासारखं लिग्निन (तंतूंना घट्ट बांधणारं कठीण द्रव्य) त्यात जवळपास नसतं. त्यामुळे दाबाखाली कॉस्टिक सोड्यात शिजवत बसावं लागत नाही; सौम्य अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर बरंच भागतं. अडचण अशी की तपकिरी शैवालात अल्जिनेट भरपूर आणि सेल्युलोज थोडं. नुसत्या सेल्युलोजसाठी ताजं शैवाल उपसणं म्हणजे नारळ फोडून करवंटी घेण्यासारखं. म्हणून अगार (लाल शैवालातलं जेलीसारखं द्रव्य) किंवा अल्जिनेट काढून झाल्यावर उरणारा चोथा घे. तो आधीच अर्धा साफ झालेला असतो.

आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर वाळवू नकोस. एकदा कोरडे झालेले तंतू एकमेकांना असे घट्ट चिकटतात की पाण्यात पूर्वीसारखे फुगत नाहीत. ओला लगदाच फ्रीजमध्ये ठेव, आणि त्यातला थोडासा वेगळा सुकवून कोरडं वजन काढ.

सल्फ्युरिक आम्लाने नॅनोस्फटिक (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक) करण्याची घाई कशाला? ६४ टक्के आम्ल, मग ते धुवायला लागणारं पाणी... ‘शाश्वत’ हा शब्द तिथेच लटका पडतो. तुला फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, हवी आहे ना? मग तपकिरी शैवालाच्या चोथ्यातलं थोडं अल्जिनेट मुद्दाम राहू दे आणि शेवटी फिल्म कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात बुडव. ती पाण्यात विरघळायची थांबेल. क्लॅडोफोरा हे हिरवं शैवाल मिळालं तर मात्र ते वेगळं ठेव. त्याचं सेल्युलोज फार स्फटिकी असतं, गाळणीसाठी कामी येईल.

पुढच्या पत्रात राखेचा आकडा आणि एका खेपेला लागलेलं पाणी, दोन्ही कळव.

तुझा,
सर